खाडीपार लोहमार्ग आणि उल्हासकाठची तीन शहरे

सागरकाठी वसलेल्या महानगराच्या वाढीस पाण्याची मर्यादा पडते. मुंबई हे याचे ठळक उदाहरण होय. पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस बंदर व ठाण्याची खाडी यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीप्रमाणे पसरलेले हे शहर दीर्घकाळ केवळ उत्तरेकडेच वाढत गेले. पूर्वेची भूमी डोळ्यांना दिसत होती, पण हाताशी येत नव्हती. ती हाताशी आणण्याचे काम पुलांनी, आणि त्यातही विशेषतः लोहमार्गांनी केले.

खाडीवर पूल उभारणे ही स्थापत्यशास्त्राची बाब आहे. परंतु त्या पुलामुळे कोणाचा फेरा वाचतो आणि कोणाचा वाढतो, हे पाहणे ही नियोजनाची बाब आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील नोकरदारांच्या प्रवासाकडे या दृष्टीने पाहिले असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. आपल्याच काठावरील कामाच्या ठिकाणी जाण्यासाठी त्यांना एकच खाडी दोनदा ओलांडावी लागते. हे कसे घडले आणि त्यावर कोणते उपाय योजिले जात आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नदी, खाडी आणि पहिला लोहमार्ग

ही तिन्ही शहरे उल्हास नदीच्या खोऱ्यात वसली आहेत. सह्याद्रीच्या कुशीत उगम पावलेली ही नदी कर्जत, बदलापूर यांच्या परिसरातून वाहत कल्याणजवळ खाडीचे रूप घेते. पुढे ठाण्याच्या उत्तरेस तिच्या पाण्याचा एक फाटा दक्षिणेकडे वळतो. हीच ठाण्याची खाडी होय. मुख्य प्रवाह घोडबंदरमार्गे वसईजवळ समुद्रास मिळतो. या खाडीमुळे ठाणे शहर पश्चिम काठावर, तर कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण आणि त्यापलीकडील प्रदेश पूर्वेच्या बाजूस राहिला आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यास पोहोचली. तेथे तिच्यापुढे खाडी उभी होती. अवघ्या वर्षभरात, १ मे १८५४ रोजी, खाडीवरील पूल आणि मुंब्र्याजवळील डोंगरातील बोगदे पार करून लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखाली हे काम झाले. १८५६ मध्ये हाच मार्ग बदलापूर, नेरळ यांच्यावरून खोपोलीपर्यंत पोहोचला. पुढे १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून पुण्याकडील मार्ग अखंड झाला.

या मार्गाचा मूळ हेतू दख्खनचा कापूस व अन्य माल बंदरापर्यंत आणण्याचा होता. मुंबईस जाणे आणि मुंबईहून येणे एवढेच त्याने गृहीत धरले होते. ठाणे हे वाटेवरील स्थानक होते. तेथून प्रवासी पुन्हा मागे वळून खाडीच्या पूर्व काठाने दक्षिणेकडे जाऊ लागतील, अशी कल्पना त्या काळी कोणी करण्याचे कारण नव्हते. आजच्या अडचणीचे मूळ या दीडशे वर्षांपूर्वीच्या आखणीत आहे.

तीन शहरांची जडणघडण

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत कुटुंबे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. रिकाम्या हाताने आलेल्या लोकांनी येथे लहानलहान उद्योग आणि व्यापार उभा केला. कापड, तयार कपडे आणि लाकडी सामान यांच्या बाजारपेठेसाठी उल्हासनगर दूरवर प्रसिद्ध झाले.

अंबरनाथची ओळख इ. स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराने जशी आहे, तशीच ती शस्त्रास्त्र कारखाना, आगपेट्यांचा कारखाना आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत यांनीही झाली आहे. बदलापूर हे त्या मानाने निवांत गाव होते. परंतु मुंबई व ठाण्यात घर घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले, तशी बदलापूरची वाढ झपाट्याने झाली. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची सुमारे अडीच लाख, तर बदलापूरची सुमारे पावणेदोन लाख भरली. या नऊ लाखांवर लोकांपैकी कामासाठी रोज बाहेर जाणाऱ्यांचा मुख्य आधार लोहमार्ग हाच आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर ५८, अंबरनाथ ६०, तर बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे.

खाडीपलीकडे नवे शहर

मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीच्या पूर्व काठावर जुळे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तज्ज्ञांनी १९६० च्या दशकात मांडली. शासनाने ती स्वीकारली आणि १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची, स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांची भूमी या शहरासाठी निश्चित करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाने या नगराच्या उभारणीची मोठी किंमत मोजली, याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

१९७३ मध्ये मानखुर्द-वाशी दरम्यान रस्ता-पूल खुला झाला. तथापि केवळ रस्त्याने शहर वसत नाही, हा अनुभव लवकरच आला. घरे बांधली गेली, घाऊक बाजारपेठा वाशी-तुर्भे भागात हलविण्यात आल्या, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. परंतु मुंबईत नोकरी करणारा माणूस लोकलगाडीवाचून वाशीस राहावयास जाण्यास धजत नव्हता.

खाडीवर लोहमार्गाचा पूल बांधणे सोपे नव्हते. खाडीचा तळ मऊ गाळाचा असतो. पायासाठी त्याखालील खडकापर्यंत जावे लागते. दर सहा तासांनी भरती-ओहोटीची दिशा पालटते. खाऱ्या हवेने लोखंड गंजते. वाशीच्या पहिल्या रस्ता-पुलास या गंजाचा उपद्रव झाला आणि पुढे १९९७ मध्ये त्याच्या शेजारी दुसरा पूल वाहतुकीस खुला करण्यात आला. शिवाय धावत्या गाडीचा भार आणि तिचे हादरे पुलास सतत सोसावे लागतात.

या साऱ्यांवर मात करून ९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी लोहमार्ग सुरू झाला. त्यासाठी केलेली आर्थिक व्यवस्थाही उल्लेखनीय होती. खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने आणि ३३ टक्के भार रेल्वेने उचलला. लोहमार्ग आल्याने जमिनीचे मूल्य वाढते. त्या वाढीतून लोहमार्गाचा खर्च भागवावा, हे या व्यवस्थेमागील सूत्र होते. १९९३ मध्ये गाडी बेलापूरपर्यंत आणि १९९८ मध्ये पनवेलपर्यंत गेली. सिडकोच्या स्थापनेपासून वाशीस पहिली लोकल येईपर्यंत २२ वर्षे लोटली होती. शहर आधी आणि लोहमार्ग मागाहून, असा क्रम लागला म्हणजे मधल्या काळाचे ओझे रहिवाशांच्या माथी येते, हा यातून मिळणारा पहिला धडा होय.

एकच खाडी, दोन फेऱ्या

वाशीचा पूल मुंबईकरांसाठी होता. कल्याणपलीकडील लोकांसाठी नवी मुंबईचे दार २००४ मध्ये उघडले. त्या वर्षी ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे या स्थानकांवरून तुर्भे, वाशी व नेरुळकडे प्रवासी गाड्या धावू लागल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तोवर रासायनिक कारखान्यांच्या जोडीला संगणक व्यवसायाची मोठी कार्यालये आली होती. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील सुशिक्षित तरुणांना तेथे काम मिळू लागले.

नकाशा पुढे ठेवून या तरुणाचा प्रवास पाहावा. बदलापूरहून निघालेली गाडी कल्याण, डोंबिवली, दिवा आणि मुंब्रा यांच्यावरून कळव्यापर्यंत येते. या साऱ्या वाटेत तिला खाडी ओलांडावी लागत नाही. ऐरोली आणि घणसोली हीदेखील खाडीच्या याच, म्हणजे पूर्वेच्या, काठावर आहेत. परंतु कळव्याहून ऐरोलीकडे वळणारी प्रवासी गाडी नाही. त्यामुळे प्रवासी खाडीवरील पूल ओलांडून पश्चिम काठावरील ठाणे स्थानकात उतरतो, जिन्यांवरील आणि पादचारी पुलावरील गर्दीतून वाट काढीत दुसऱ्या फलाटावर जातो, आणि दुसऱ्या गाडीने तीच खाडी पुन्हा ओलांडून कळव्याजवळच्या विटाव्यावरून दिघ्याकडे येतो. संध्याकाळी हाच क्रम उलट्या दिशेने घडतो. दिवसाकाठी खाडीच्या चार फेऱ्या होतात आणि त्यांतील एकही मुळात आवश्यक नसते.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. बदलापूरनजीकच्या बारवी धरणाचे पाणी औद्योगिक विकास महामंडळाच्या जलवाहिन्यांद्वारे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांना पुरविले जाते. त्या पाण्यास ठाण्यात जाऊन गाडी बदलावी लागत नाही. त्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसास मात्र लागते. शिळफाट्यावरून महाप्याकडे जाणारा रस्ता आहे, पण त्यावर वाहनांची कोंडी नित्याची असते. दिवा-पनवेल लोहमार्गही आहे. परंतु त्यावरील प्रवासी गाड्या मोजक्या असल्याने रोजच्या नोकरीसाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही.

ही बाब केवळ गैरसोयीची नाही. कल्याण-ठाणे हा मध्य रेल्वेवरील अत्यंत गजबजलेला टप्पा आहे. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळील वळणावर दोन गाड्या एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांपैकी चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. गाडीच्या आत पाय ठेवण्यास जागा नसते, म्हणून माणूस दारात उभा राहतो. ज्याला ठाण्यास जाण्याचे काहीच कारण नाही असा प्रत्येक प्रवासी त्या गाडीत चढतो, तेव्हा ज्याला खरोखरच ठाण्यास किंवा मुंबईस जावयाचे आहे त्याची जागा तेवढी कमी होते. म्हणून अनावश्यक फेरा टाळणे हा जीवितरक्षणाचाही उपाय ठरतो.

कळवा-ऐरोली जोडमार्ग

या अडचणीवर नेमका उपाय म्हणून मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात कळवा-ऐरोली उन्नत जोडमार्गाचा समावेश करण्यात आला. या टप्प्यास केंद्र शासनाने २०१६ मध्ये मंजुरी दिली. सुमारे आठ किलोमीटरच्या या मार्गामुळे कल्याणकडून येणाऱ्या गाड्या ठाण्यास न जाता थेट ऐरोली, वाशी आणि पनवेलकडे वळू शकतील. या कामाचा पहिला भाग म्हणून बांधलेले दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी प्रवाशांसाठी खुले करण्यात आले.

प्रत्यक्ष उन्नत मार्गाचा भाग मात्र त्याच्या वाटेत येणाऱ्या झोपड्यांतील कुटुंबांच्या पुनर्वसनाशी जोडलेला आहे. येथे घाई करून चालणार नाही आणि दिरंगाईही परवडणार नाही. ज्या कुटुंबांना घर सोडावे लागेल त्यांचाही रोजगार याच परिसरात असतो. त्यांना दूर कोठे नेऊन ठेवले, तर एकाचा फेरा वाचवून दुसऱ्याचा वाढविल्यासारखे होईल. पुनर्वसन हा या योजनेतील अडथळा मानण्यापेक्षा तो योजनेचाच एक भाग मानणे अधिक हिताचे आहे.

याच्या जोडीने कल्याण-बदलापूर दरम्यान तिसरा आणि चौथा लोहमार्ग प्रकल्पाच्या पुढील टप्प्यात हाती घेण्यात आला आहे. पुण्याकडील लांब पल्ल्याच्या गाड्या आणि उपनगरी गाड्या यांना येथे एकाच जोडमार्गावरून धावावे लागते. ठाणे-दिवा दरम्यान पाचवा व सहावा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. परंतु कल्याणपलीकडील मार्ग मोकळे झाल्याखेरीज त्याचा पूर्ण लाभ या तीन शहरांना मिळणे कठीण आहे.

जमैका उपसागराचा अनुभव

पाण्यापलीकडच्या वस्तीस लोहमार्गाने जोडण्याचा प्रश्न अन्य महानगरांपुढेही आला आहे. न्यूयॉर्क शहराच्या दक्षिणेस जमैका नावाचा उथळ उपसागर असून त्याच्या पलीकडे रॉकवे हा सागरकिनाऱ्याचा पट्टा आहे. एका खासगी कंपनीची रेल्वे १८८० पासून लाकडी पुलावरून तेथे जात असे. मे १९५० मध्ये हा पूल आगीत सापडला. कंपनी दिवाळखोरीत असल्याने तिने दुरुस्ती केली नाही. अखेर नगर प्रशासनाने तो मार्ग विकत घेतला, भराव आणि काँक्रीटचे पूल यांच्या साहाय्याने तो नव्याने बांधला आणि २८ जून १९५६ रोजी शहराच्या भुयारी रेल्वेस जोडून सुरू केला.

या उदाहरणातील तीन गोष्टी आपल्या दृष्टीने विचारार्ह आहेत. पहिली भाड्याची. रॉकवेच्या प्रवाशांकडून प्रारंभी दुप्पट भाडे घेतले जाई. ही पद्धत १९७५ मध्ये बंद झाली. नवी मुंबईच्या मार्गावरही तिकिटावर अधिभार लावण्यात आला होता. खाडी ओलांडणे महाग आहे हे खरे. पण तिचा भार दूर राहणाऱ्या, आणि बहुधा कमी मिळकतीच्या, प्रवाशावर किती काळ ठेवावयाचा याचा विवेक लागतो. दुसरी गोष्ट निसर्गाची. मार्गाच्या भरावासाठी उपसागरातील वाळू उपसण्याची परवानगी देताना त्या बदल्यात बांध घालून गोड्या पाण्याची दोन तळी निर्माण करून घेण्यात आली, आणि ती आज पक्ष्यांचे मोठे आश्रयस्थान आहेत. तिसरी गोष्ट वादळाची. ऑक्टोबर २०१२ मधील सँडी वादळाने हा मार्ग उखडला आणि गाड्या पूर्ववत सुरू होण्यास मे २०१३ उजाडला. २६ जुलै २००५ चा महापूर पाहिलेल्या उल्हासखोऱ्यास या इशाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

खाडीखालून मेट्रो

या तीन शहरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रस्ताव मेट्रो मार्ग १४ चा आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने योजिलेला, सुमारे ३८ किलोमीटरचा हा मार्ग कांजूरमार्ग येथून निघून ठाणे खाडीखालून घणसोलीस येईल आणि तेथून महापे व शिळफाटा परिसरातून बदलापूरकडे जाईल, अशी त्याची आखणी आहे. तो साकार झाल्यास बदलापूर आणि घणसोली यांच्यामध्ये ठाणे स्थानक येणार नाही. इतकेच नव्हे, तर मुंबईच्या पूर्व उपनगरांत जाणाऱ्यासही खाडी ओलांडण्याची दुसरी वाट मिळेल.

खाडीखालून बोगदा काढणे आता कल्पनेतील गोष्ट राहिलेली नाही. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा सुमारे २१ किलोमीटरचा बोगदा योजिला असून त्यातील सात किलोमीटर लांबीचा भाग ठाणे खाडीखालून जातो. पाण्याखालून जाण्याचे एक कारण पाण्यावर वसलेल्या जीवसृष्टीत आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे, अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर पाणथळ क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. काठावरील खारफुटी पुराचे पाणी थोपविते आणि माशांच्या पिलांस आसरा देते. तिचे रक्षण केल्याने कोळीबांधवांच्या उपजीविकेचेही रक्षण होते.

तथापि मोठा प्रकल्प दृष्टिपथात आला म्हणून लहान काम मागे पडता कामा नये. ३८ किलोमीटरच्या मेट्रोस निधी, भूमी आणि अनेक वर्षे लागतील. कळव्याजवळचा जोडमार्ग त्या मानाने छोटा आहे. परंतु तो पूर्ण होताच अस्तित्वात असलेल्या दोन लोहमार्गांची जाळी एकमेकांस जुळतील. मेट्रो आली तरी या जोडमार्गाचे महत्त्व उरेल, कारण ऐरोली, वाशी, बेलापूर आणि पनवेल येथे जाणाऱ्यांचा मार्ग तोच राहणार आहे.

नियोजनाची कसोटी

१८५४ मध्ये पहिल्या पुलाने खाडी ओलांडली, तेव्हा एकच दिशा महत्त्वाची होती. आज महानगराची केंद्रे अनेक झाली आहेत. कोणी बदलापुरास राहून महाप्यास काम करतो, कोणी ऐरोलीस राहून अंबरनाथच्या कारखान्यात जातो, उल्हासनगरच्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक वाशीहून येते. अशा वेळी सर्व वाटा एका ठाणे स्थानकातून नेणे म्हणजे नव्या घराचा कारभार जुन्या दारातून चालविण्यासारखे आहे.

खाडीपार लोहमार्गाचे यश पुलाच्या लांबीवर किंवा बोगद्याच्या खोलीवर ठरत नाही. पहाटे अंधारात डबा घेऊन घराबाहेर पडणारी अंबरनाथची परिचारिका किंवा बदलापूरचा यंत्रकामगार संध्याकाळी किती वाजता सुखरूप घरी पोहोचतो, यावर ते ठरते. ज्या दिवशी बदलापूरहून निघालेली गाडी कळव्यास वळण घेऊन खाडी न ओलांडता ऐरोलीच्या फलाटास लागेल, त्या दिवशी या तीन शहरांतील कष्टकऱ्यांच्या आयुष्यातील रोजचा काही वेळ त्यांना परत मिळेल. तो वेळ त्यांचा आहे आणि तो लवकरात लवकर त्यांच्या हाती देणे, हे नियोजनकर्त्यांचे कर्तव्य आहे.